सावळीरामाची लक्षणे

शके १८५७, वैशाख वद्य पंचमी, दुपारचा प्रहर. नाशिक येथे गोदावरीच्या काठी राहणारा सावळीराम परीट ताक समजून मडक्यातले पांढरे पाणी घटाघटा प्यायला, आणि ते ब्लीचिंग पावडरीचे असावे अशी शंका येताच त्याने अंथरूण धरले. डॉक्टर वझे धावत आले.

"घशात आग होते?"

"वणवा पेटलाय, साहेब!"

"लाळ सुटते? मळमळते?"

"दोन्ही!"

"डाव्या कानात घंटा वाजते?"

"घणघण!"

कोणत्याही वैद्यकग्रंथात नसलेले हे लक्षण ऐकून डॉक्टरांनी त्याचे तोंड उघडून पाहिले. जीभ पोळलेली नव्हती. पावडरीचा उग्र दर्पही नव्हता. त्यांनी त्याच्या बायकोकडे पाहिले. लंकाबाई पदराआड हसू दाबत पुटपुटली, "मी सकाळीच त्यात तांदळाची खळ भरली व्हती."

सावळीरामाला हे ऐकू गेले नाही. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, मरताना खोटं बोलत नाय. गेल्या महिन्यात तुमचा रेशमी कोट घालून मी सिन्नरला मेव्हण्याच्या लग्नात मिरवलो. खिशातला मोगऱ्याचा गजरा लंकीसाठी घेतला होता, तो तसाच राहिला."

कोटाच्या खिशात सापडलेल्या त्याच गजऱ्यापायी वझेबाई महिनाभर पतीशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. डॉक्टरांनी आनंदाने उडी मारली आणि रोग्याला हाताला धरून उठवले.

"विषबाधा मुळीच नाही, नुसती खळ आहे! चल आमच्या घरी, आणि आत्ता बोललास ते शब्दशः पुन्हा बोल."