खणातले ठोके

“आजोबा, तुमचे ठोके रात्रभर बिघडलेत. आत्ताच्या आत्ता निघून या,” दवाखान्यातली नर्स फोनवर म्हणाली.

आबांना हसूच फुटलं. घड्याळ महिनाभर टेबलाच्या खणात पडून होतं आणि या बयेला त्यातून ठोके ऐकू येत होते!

मध्यंतरी आबांच्या छातीत कळ आली, तेव्हा परगावच्या मुलाने दवाखान्याशी बोलून ते ठोके मोजणारं घड्याळ त्यांच्या हातात अडकवलं होतं. सगळी खबर परस्पर दवाखान्यात. घामट रबरी पट्टा, त्याखाली पांढरीफटक पडलेली कातडी, आणि कुणीतरी परका दिवसरात्र आपल्या रक्तात नाक खुपसून बसलेला. शी! आबांना घास गिळवेना. सुरुवातीला एकदा काढून ठेवलं, तर दवाखान्याने लगेच चुगली केली आणि मुलाने फोनवर आबांची बिनपाण्याने हजामत केली. बायको बिचारी दाराआड रडली. “घाला हो, पुन्हा ओरडेल तो,” म्हणून विनवण्या करत राहिली.

आबांनी एक दिवस ते खणात फेकलं आणि किळस आली म्हणून त्या खणाला परत हात लावला नाही. गंमत म्हणजे त्यानंतर कुणाची तक्रारच आली नाही. सगळी धूळफेक आहे, हे आबांनी तेव्हाच ओळखलं. जन्मभर बस चालवलेला माणूस. गाडी उभी असताना चाळीस दाखवणारे काटे त्यांनी चिक्कार पाहिले होते.

आज त्या दवाखानेवाल्यांची जिरवायचीच, म्हणून आबांनी चपला घातल्या. बायको पित्ताने रात्रभर तळमळली होती, अजून पडूनच होती. कुठे निघालात म्हणून तिने विचारलं. आबांनी जरा जाऊन येतो एवढंच सांगितलं. तिने पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

दवाखान्यात त्यांच्या छातीवर थंडगार, शेंबडासारखं काहीतरी फासून वायरी चिकटवल्या. आबांनी शिसारीने तोंड फिरवलं. कागद बाहेर आला. सगळं ठणठणीत. डॉक्टर एकदा कागदाकडे बघायचे, एकदा संगणकाच्या पडद्याकडे. आबांच्या तोंडाकडे बघायला अर्थातच कुणाला सवड नव्हती.

“डॉक्टर,” आबा चवीने म्हणाले, “ते घड्याळ महिनाभर माझ्या टेबलाच्या खणात आहे. माझ्या खणाला नेमका काय आजार झालाय, तेवढं सांगा.”

आता यांची बोबडी वळेल, म्हणून आबा वाट बघत राहिले. डॉक्टरांनी पहिल्यांदाच पडद्यावरून मान वर केली.

“कातडीला टेकल्याशिवाय ते ठोके दाखवत नाही, आजोबा. ते आत्तासुद्धा कुणाच्या तरी हातात आहे. घरी कोण असतं?”