कोऱ्या चेहऱ्याचा पोशाख

कार्डिफच्या आपल्या स्वयंपाकघरात नेरिस भर दुपारी सह्या करत बसली होती. तीस वर्षांपूर्वी टीव्हीवरच्या एका खलनायकासाठी तिने काढलेलं पोशाखाचं चित्र आता दोनशे प्रतींत छापून आलं होतं, आणि संग्राहकांना त्यावर तिची पेन्सिलीतली सही हवी होती. काळा झगा, उंच ताठ कॉलर, वर कोरा चेहरा. नट ठरायच्या आधीच चित्र काढायचं, ही तिची सवय. कोपऱ्यातला मापांचा चौकोनही म्हणूनच रिकामा राहिलेला.

नवरा एम्रिस एकेक प्रत पुढे सरकवत होता. "हात चालव गं, चहा गार होतोय."

"तू पी. घाई केलीस की माझी सही वाकडी येते."

सही झालेला गठ्ठा नीट करताना ती थबकली. वरच्या प्रतीवरचा चौकोन भरलेला होता. छाती, कंबर, बाही. अक्षर तिचंच. तिने सगळा गठ्ठा चाळला. सही झालेल्या प्रत्येक प्रतीवर तीच मापं होती. बाकीच्यांवर चौकोन रिकामाच.

शेवटची ओळ तिने दोनदा वाचली. 'डावा खांदा अर्धा इंच उतरता.'

एम्रिस शिडीवरून डाव्या खांद्यावर पडला, त्याला अजून वर्षही झालं नव्हतं.

स्टुडिओत मापांखाली तिची सही झाली की कागद थेट शिंप्याकडे जायचा. नंतर बदल नाही.

"नेरिस, खिडकी उघड ना जरा," एम्रिस म्हणाला. त्याच्या शर्टाची वरची दोन्ही बटणं उघडी होती, तरी तो गळ्याशी बोटं घालून काहीतरी सैल करत होता.