बूट काढायला सांगा

"तीन दिवस लोकाच्या घरी जेवाले गेली, अन् हातात कागद?" कुंदाबाईने मोबाइल नवऱ्याच्या तोंडासमोर धरला, जसा काही कागद त्यानेच दिला होता.

"कागद नाही आई, थँक्यू कार्ड हाये," पडद्यातून डिंपल म्हणाली. "इथं तसंच देतात."

डिंपल शिकायला इंग्लंडला गेली त्याला वर्ष होत आलं होतं. तिच्या कॉलेजने परदेशी पोरांना सुट्टीत खेड्यातल्या एखाद्या घरी पाहुणं म्हणून पाठवायची सोय केली होती. शनिवारपासून ती डेरिक आणि हेलन या म्हातारा-म्हातारीकडे होती. सोमवारी तिकडे बँकेची सुट्टी. बँकेला सुट्टी म्हणून अख्खा देश घरी कसा बसतो, हे कुंदाबाईला कळलं नव्हतं. पण पोळ्याला बैलांना सुट्टी म्हणून त्यांच्या चोरखमारा गावची माणसंही घरीच बसतात, तेव्हा तिने ते चालवून घेतलं.

"काल हेलनबाईंनं माझ्यासाठी भात केला," डिंपल हसत म्हणाली. "गोळा झाला होता. पण दोनदा वाढला."

"अन् तू?"

"मी तिसऱ्यांदा मागून घेतला."

कुंदाबाईचा ऊर भरून आला, आणि म्हणूनच ती आणखी चिडली. "इतकं करून राहिले लोक. अन् आपल्याकडून काय गेलं? कागद."

कुंदाबाईला भाऊ नव्हता. सुट्टी लागली की गावातल्या पोरी मामाकडे जायच्या, आणि त्यांच्याकडे तर भाची आली की मामा आधी तिचे पाय धुतो. डिंपल प्रत्येक सुट्टीत घरीच. कोणाच्या घरी हक्काने पसरून राहणं तिला कधी मिळालंच नाही. आता परक्या घरी पोरगी उपकाराखाली अवघडून बसली असेल, ही कुंदाबाईची खरी टोचणी होती. कार्डाचं नुसतं निमित्त.

डिंपलने विषय बदलायला फोन फिरवला. "हे पाहा बाबा, यायची बोडी. दोन सालापासून पानीच राहत नाही. एक जण म्हनते, सारं प्लास्टिक अंथरा."

तिचा बाप उमराव करंजी खात होता. ती त्याने ताटलीत ठेवली. त्याच्या घराण्याने पाच पिढ्या बोड्या, म्हणजे शेतातली लहान तळी, आणि मोठे तलाव बांधले होते. पडद्यावर अर्धं तळं चिखल होतं आणि त्यात चार बदकं उभी होती.

"दरसाल पानी उतरून एकाच जागी थांबते का? विचार."

डिंपलने विचारलं. म्हातारा डेरिक काठी टेकत आला आणि काठाच्या एका दगडाकडे बोट दाखवलं. दरवर्षी इथेच थांबतं.

"मंग भोक तेवढ्याच उंचीवर हाये. आता पाळीच्या, त्या मातीच्या बांधाच्या, बाहेरच्या अंगानं फोन फिरव. हळू."

तिकडे उन्हाने गवत पिवळं पडलं होतं. फोन चालत गेला. पिवळं, पिवळं, आणि मग परातीएवढा एक हिरवागार तुकडा.

"थांब," उमराव म्हणाला. "हे काऊन हिरवं? पानी इथून जाऊन राहिलं. आता याच्या बरोबर समोर, आतल्या अंगानं, त्या दगडाच्या उंचीवर काठी खुपसा म्हना."

डेरिकने काठी टेकवली आणि ती मुठीपर्यंत आत गेली. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि फोनकडे पाहत काहीतरी बोलला.

"काय म्हनते?"

"म्हनते, दोन सालापासून मी रोज याच्यावरूनच फिरून राहिलो."

"आमच्याकडे खेकडा करते, त्यायच्याकडे उंदीर करत असन. आतूनच बुजवा म्हनाव. बाहेरून बुजवलं तर काही उपयोग नाही. तळातलीच चिकन माती घ्या, थोडी थोडी टाका अन् तुडवा. अन् बूट काढाले सांग त्याहिले. बुटाले काय समजते माती?"

हे इंग्रजीत सांगताना डिंपल थोडी अडखळली. पण पंचाहत्तरीचा डेरिक मुकाट्याने दगडावर बसला आणि नाड्या सोडू लागला. फोन हेलनच्या हातात देऊन डिंपलही चपला काढून चिखलात उतरली.

तासभर ते दोघं माती तुडवत होते, म्हातारा पोरीच्या खांद्यावर हात ठेवून. उमराव इकडून "टाचेनं, टाचेनं" म्हणत होता, आणि भाषेचा गंध नसलेला डेरिक प्रत्येक वेळी बरोबर टाच दाबत होता. असा शिष्य उमरावला चोरखमाऱ्यात मिळाला नव्हता.

काम झाल्यावर हेलनने फोन खिडकीत टेकवला आणि टबात गरम पाणी आणलं. डिंपलने मग्गा घेऊन म्हाताऱ्याच्या पायांकडे नेला. डेरिकने तो तिच्या हातून काढून घेतला. तिला पायरीवर बसवलं, गुडघा कुरकुरला तरी खाली वाकला आणि तिच्या पायांवर पाणी ओतलं.

डिंपलने लाजून पाय मागे घेतले. तिने घाबरून फोनकडे पाहिलं.

कुंदाबाईने डोळ्यांना पदर लावला होता.

"पाय मागं नको घेऊ डिंपल," ती म्हणाली. "भाचीनं नसते घ्याचे."