साहेबाच्या नावाचा जिताडा

परवान्यांचा कॅम्प बंद व्हायला अर्धा तास उरला, तेव्हा पुंडलिक टेबलापाशी गेला. सकाळपासून तो धरमतरच्या जेट्टीवरच्या शेडमध्ये कोपरा धरून बसला होता. शेजारी निळा टप, टपावर ओलं गोणपाट. कुणी विचारलं तर माझा नंबर मागे आहे म्हणायचा. असली कामं चार माणसांदेखत करायची नसतात.

टेबलामागे ऋजुता होती. मासेमारीचे परवाने देणारी नवी मॅडम, दोन महिन्यांपूर्वी रोह्याहून बदलून आलेली. यंदा परवान्याची फी दुप्पट झाली होती. खाडीकाठच्या गावांनी त्यावर हवी तेवढी आरडाओरड केली आणि मग मुकाट्याने पैसे भरले. वाढीव पैसा म्हणे खाडीतच जाणार होता. जिताड्याची पिल्लं आणून सोडायची, खारफुटीच्या कडेला राखण ठेवायची. पुंडलिकला हे पटलं नव्हतं. मासा आपला आपण वाढतो, त्याला कुणी बालवाडीत घालतं का, असं तो भर बैठकीत बोलला होता. पण आज परवाना झाला नाही तर नारळी पुनवेनंतर खाडीत जाळं लावता येणार नव्हतं, आणि जाळ्यावरच घर चालत होतं.

म्हणून त्याने बापाचा उपाय काढला. पावसाळ्यातला पहिला मोठा जिताडा साहेबाच्या नावाने बाजूला ठेवायचा. साहेब कुठलाही असो, काम कसलंही असो. बापाने विजेचं मीटर असंच मिळवलं होतं आणि रेशनकार्डही. बायकोचा मात्र या उपायावर फारसा विश्वास नव्हता. जिताडा नाही चालला तर असू दे म्हणून पुतळीने दुप्पट फीचे पैसे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्याच्या कमरेला बांधून दिले होते.

त्याने टप टेबलाशी सरकवला आणि गोणपाट उचललं. सात किलोचा जिताडा, जिवंत, कल्ले सावकाश हलत होते.

"तुमच्या नावचा हाय, मॅडम," तो हळूच म्हणाला. "पावती तेवढी जुन्या फीची फाडा."

साहेब लोक आधी आजूबाजूला बघतात आणि मग टपात, हे त्याला ठाऊक होतं. ही सरळ टपाशी उकिडवी बसली. कुठे मिळाला म्हणून विचारलं. बांधातून पाणी सोडायच्या उघाडीच्या तोंडाशी, पहाटे, गळाला, असं त्याने सांगितलं. तिने दोन बोटांनी माशाचं पोट चाचपलं. ही मादी आहे, म्हणाली, अंड्यांवर आलेली. जिताडा लहान असतो तेव्हा नर असतो, थोराड झाला की मादी होतो. पुंडलिकला हसू आलं. मग आठवलं, की घरात मोठा जिताडा कापला की हटकून अंड्यांची गाभोळी निघायची. का निघते हे पन्नास वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

"काका, तुमची फी हिच्यासाठीच आहे," ऋजुता म्हणाली. "मला हा घेता यायचा नाही."

शेजारच्या क्लार्कने लगेच तोड सुचवली. वडखळला धनेश व्यापारी याचे चार हजार हातावर ठेवील, त्यातून फी भरा, वर पैसे उरतील. हिशेब चोख होता. पुंडलिक मात्र ताठ झाला.

"नाव घेऊन ठेवलेला जिताडा इकत नाय," तो म्हणाला. "खात बी नाय."

आणि ते खरं होतं. एकदा ऐन वेळी साहेबाची बदली झाली, तर बापाने नऊ किलोचा जिताडा माडाखाली पुरला होता. त्या दिवशी घरात सगळे सुकटीचं कालवण जेवले होते.

"म्हणजे हा माझाच?" ऋजुताने विचारलं.

"तुमचाच."

"मग माझं एक काम करा. खाडीत सोडा."

पुंडलिकला राग आला. नको म्हटलेलं एक वेळ चाललं असतं. ही त्याच्याच हाताने चार हजार पाण्यात टाकायला सांगत होती. पण तुमचाच म्हणून बसला होता. त्याने टप उचलला आणि जेट्टीच्या पायऱ्या उतरून छातीभर पाण्यात गेला.

पाण्यात ठेवल्याबरोबर जिताडा आडवा झाला. वर क्लार्क पाच वाजल्याचं सांगत होता. पुंडलिकने पाहिलं, की हात काढला तर मासा मरणार. मग त्याने दोन्ही तळवे त्याच्या पोटाखाली धरले, तोंड भरतीच्या ओढीकडे केलं आणि तसाच उभा राहिला. पोट भरलेलं होतं, टच्च. मासा धरायचा कसा हे त्याच्या हातांना पाठ होतं, सोडायचा कसा हे कधी शिकायलाच लागलं नव्हतं. राग कधी गेला ते त्याला कळलं नाही. मासा जगावा एवढंच त्याला वाटत होतं.

बऱ्याच वेळाने शेपटी हलली. एक फटका, तोंडावर पाणी, आणि हात रिकामे झाले.

तो वर आला. सगळं आवरून झालं होतं. ऋजुता तेवढी पावतीपुस्तक उघडं ठेवून बसली होती. साहेबापुढे रिकाम्या हाताने उभं राहायची ही त्याची पहिलीच वेळ.

"मॅडम, आता तुमाला काय देऊ?"

"फी," ती म्हणाली.

पुंडलिकने कमरेची पिशवी सोडली. त्याच्या अंगावर तेवढ्या नोटाच कोरड्या होत्या.