मधोमध

तीन वर्षं डोळे फोडून मी ती चिप बनवली. बोटाच्या पेराएवढा तुकडा, आत केसासारख्या बारीक वाटा. त्यातून रक्त सोडलं, की आजारी पेशी फुगलेल्या असल्यामुळे आपोआप मधोमध येतात आणि निरोगी पेशी कडेकडेने बाहेर पडतात. कुणी निवडत बसायला नको.

उद्घाटनाला सगळ्यांचा फोटो काढायचं ठरलं. संचालकसाहेब छाती फुगवून मधोमध उभे राहिले. शेजारी पाहुणे, मग चिप त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिलेले यच्चयावत विभागप्रमुख. "जरा सरकून घ्या" ऐकत ऐकत मी दारापर्यंत पोचले, तेवढ्यात साहेबांचा फोन हातोहात माझ्याकडे आला.

"मॅडम, तुम्हीच काढा ना! तुमचा हात अजिबात हलत नाही."

संध्याकाळी आईने चष्मा लावून तो फोटो मोठा करून करून पाहिला.

"चिप तू केलीस ना गं? मग यात तू कुठे आहेस?"

 

"आई, मी निरोगी निघाले."