आवाजाची जागा

'हे सॉफ्टवेअर काढल्यास यातला आवाज कायमचा पुसला जाईल. काढायचं?'

खाली दोनच बटणं होती. हो आणि नाही. नंदकुमार सरांनी चष्मा पुसला आणि ती ओळ तिसऱ्यांदा वाचली. चौतीस वर्षं त्यांनी मुलांना सांगितलं होतं, प्रश्न नीट वाचा, निम्मं उत्तर त्यातच असतं. इथे ते नव्हतं.

आवाज माणिकचा होता, त्यांच्या बायकोचा. घशाच्या ऑपरेशनआधी तीन आठवडे तिने रोज मायक्रोफोनसमोर बसून वाक्यं वाचली, आणि त्यातून सॉफ्टवेअरने तिचा आवाज तयार केला. पुढची दोन वर्षं ती टाइप करायची आणि कॉम्प्युटर तिच्या आवाजात बोलायचा. इस्त्रीवाल्याला फोनवर झापायचं कामही तिने त्यातूनच केलं. ती जाऊन आता चौदा महिने झाले होते. सर अजूनही घराबाहेर पडताना तिचं एक ठरलेलं वाक्य लावत. "गॅस बंद केलात का?" माणिक विचारी. सर चपला काढून आत जात, बघून येत.

पलीकडच्या बिल्डिंगमधली जान्हवी दुपारी त्यांच्याकडे गणिताला यायची. नऊ वर्षांची पोर. जन्मापासून बोलत नव्हती, पण ऐकू सगळं यायचं आणि समजायचं जरा जास्तच. गेल्या आठवड्यात सरांनी तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं. तिने टाइप केलं, 'माझं नाव जान्हवी'. माणिकचा सत्तरीतला आवाज खोलीभर म्हणाला, "माझं नाव जान्हवी." पोरीने की-बोर्डवरून हात काढून घेतले. मग वहीत लिहिलं, 'हा आजींचा आहे. मला माझा पाहिजे.'

"लहान मुलीचा पण आवाज मिळतो काय ओ सर?" तिच्या आईने, सुलक्षणाने विचारलं.

"मिळतो की. आत तयार दिलेत पाच-सहा."

"आणि मग काकूंचा?"

"ते मी बघतो. उद्या चार वाजता आण तिला."

बघण्यासारखं फारसं नव्हतं. एका सॉफ्टवेअरमध्ये एकच आवाज राहायचा. जान्हवीसाठी तेच सॉफ्टवेअर याच कॉम्प्युटरवर दुसऱ्यांदा टाकायला हवं होतं, आणि लायसन्स होतं एकच. दुसरं विकत घ्यायची सोय नव्हती. कंपनीने ते विकणंच बंद केलं होतं, जुन्या ग्राहकांसाठी फक्त फोन चालू होता. पुतण्या आकाश म्हणाला, "काका, क्रॅक मारून बिनलायसन्सचं चालवून देतो ना यार, दोन मिनिटांचं काम." सरांनी त्याच्यापुढे चिवड्याची बशी सरकवली आणि त्याच्या नोकरीची चौकशी केली. आकाश समजला.

कंपनीला विचारण्यासारखंही काही नव्हतं. नियम सरांना माहीत होता. सॉफ्टवेअर घेतल्यावर आठ दिवसांतच जुना कॉम्प्युटर बंद पडायला लागला आणि नवा आणावा लागला. माणिकचं वाचन तेव्हा सुरूही झालं नव्हतं. कंपनीच्या माणसाने फोनवर बजावलं होतं, जुन्यावरून आधी काढा, मगच नव्यावर चालू होईल. सरांनी ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. आधी काढणे, मग टाकणे.

साडेतीन वाजले. सरांनी प्रश्नाची ती चौकट बाजूला सारली आणि माणिकचं सॉफ्टवेअर उघडलं. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत टाइप केलं, 'काढू का?'

"काढू का?" माणिकने विचारलं.

सरांनी बाजूला सारलेली चौकट पुन्हा पुढे आणली.

"हो," ते म्हणाले, आणि तेच बटण दाबलं.

चारला मायलेकी आल्या. जान्हवीने शाळेत घालायचा गणवेश घातला होता, तोही इस्त्री करून. सुलक्षणाने दारातच विचारलं, "सर, काकूंचा काढला नाहीत ना? तसं असेल तर नको ओ. आमचं चाललंय वहीवर."

"तू बस आधी," सर म्हणाले.

नवीन टाकलेलं सॉफ्टवेअर चालू करायला कंपनीचा फोन लागायचा. सरांनी फोन स्पीकरवर ठेवला आणि लायसन्सचा नंबर वाचून दाखवला. आकडे जान्हवी टाइप करत होती. मध्येच एक आकडा सर गाळत होते, तिने बोट दाखवलं.

"झालं सर, चालू करून दिलंय," पलीकडची मुलगी म्हणाली. "बघा जरा, बोलतंय का."

जान्हवीने टाइप केलं. कॉम्प्युटर लहान मुलीच्या, किंचित खरखरीत आवाजात म्हणाला, "माझं नाव जान्हवी." तिने पुन्हा लावलं. मग 'आई' असं लिहिलं आणि ते चार वेळा लावलं. सुलक्षणाने ओढणी तोंडाशी धरली.

"बोलतंय," सर फोनवर म्हणाले. "नियमाप्रमाणेच टाकलंय हं, दुसऱ्यांदा."

"त्याला काही हरकत नाही सर. एकाच कॉम्प्युटरवर कितीही वेळा टाका, लायसन्स एकच धरतात. दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्यायचं असेल तरच पहिलं काढावं लागतं." मुलगी पलीकडे काहीतरी टाइप करत होती. "आमच्या नोंदीत तुमच्या नावावर आधीचं एक दिसतंय, माणिक म्हणून. ते आहे ना सर तसंच?"

सुलक्षणाने ओढणी खाली घेतली आणि सरांकडे पाहिलं.

"आहे," सर म्हणाले. "दोघी आहेत."