पन्नास किलोंचा टेकू

शिडी सरकू नये म्हणून तिच्या पायांना बसवायचा लोखंडी टेकू मूल गावच्या मुखरू वेल्डरनं स्वतःच्या हातानं घडवला होता. आज चंद्रपूरच्या प्रयोगशाळेत त्याची परीक्षा होती. दिव्यानी मॅडमनी बटण दाबलं आणि यंत्र शिडीला वरून रेटू लागलं. तीनशे किलोंचा भार पेलला आणि टेकू पास झाला.

"थांबू नका जी, अजून रेटा," मुखरू म्हणाला.

सहाशे झाले, सातशे झाले. आठशेला करकर आवाज आला, तशा मॅडम धावल्या. वाकली होती ती शिडी. टेकू हूं की चूं न करता जागच्या जागी उभा होता.

"मुखरूभाऊ, किती वजनाचं माणूस धरून बनवला हा?"

"पन्नास किलोचं."

मॅडमना हसू फुटलं. "मग एवढं लोखंड काऊन घातलं?"

मुखरूनं टेकू सोडवला आणि दुपट्ट्यानं हळूच पुसला.

"ते पन्नास किलो म्हणजे माही पोरगी रंजीता हाये, मॅडम. विजेच्या खांबावर चढते. लाईट गेली का चार गावं तिलेच बलावते."